बातमी कुठून फुटली

प्रिय ठकू,

हे पत्र हातात पडलं की आधी पाकीट उलटंसुलटं करून बघ. कडेला डिंकाची दुसरी रेघ दिसली तर कुणीतरी ते वाफेवर उघडून पुन्हा चिकटवलंय असं समज. हसू नकोस. हयात टपालात गेली माझी, कुठलं पाकीट आधी उघडलेलं आहे हे मला बोटाला कळतं. पत्ताही मुद्दाम तुझ्या खोलीचा घातला आहे, कचेरीचा नाही. आणि हे मी आमच्या टपाल छाटायच्या हॉलमधून जाईल अशा पेटीत टाकणार नाही. बस पकडून पलीकडच्या भागात जाईन आणि तिथल्या पेटीत टाकीन. आमच्याकडे माझं अक्षर सगळे ओळखतात. मुख्य कचेरीतल्या बाईच्या नावाचं, माझ्या अक्षरातलं पाकीट खान्यात दिसलं तर दुपारच्या चहापर्यंत त्याच्या दहा कथा होतील. पूर्वी झाल्या नसत्या. पूर्वी कुणीतरी म्हणालं असतं, बापाने लेकीला लिहिलंय, आणि पाकीट पुढच्या खान्यात सरकलं असतं. आता दिवस तसे राहिले नाहीत.

तुझ्या आईची तब्येत ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण ती त्यांच्यापेक्षा जास्त कुरकुरते, तेव्हा काळजीचं कारण नाही. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी मशीन आमच्या डोक्यावरच्या खोलीत आणून ठेवलंय. दिवसभर छताला टाके घालत असतात. बाकी घर तू सोडून गेलीस तसंच आहे.

भांडण कशावरून पेटलं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, कागद तुमच्याच विभागातून निघाला होता. पण आमच्या बाजूने ते कसं दिसलं, ते तुला कुणी सांगितलं नसणार. पोस्टमन लोकांच्या हातात ते काळं यंत्र आलं. पत्र टाकलं की बटण दाबायचं. आधी सगळे खूश होते, वहीची कटकट गेली म्हणून. मग पगार झाला आणि कळलं, की आता तास गेटवरच्या घड्याळाप्रमाणे धरायचे नाहीत, यंत्राप्रमाणे धरायचे. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत किती वेळ लागायला हवा ते यंत्राला आधीच पढवून ठेवलेलं. त्यात जिना चढायचा वेळ नाही. कुत्रं बांधेपर्यंत थांबायचा नाही. सहीसाठी म्हातारी चष्मा शोधते, तो तर नाहीच नाही. आणि आम्हा हॉलमधल्या लोकांची पाळी मधोमध तोडली. सकाळी काम, मग मधले तास बिनपगारी, मग पुन्हा संध्याकाळी काम. मधल्या वेळात घरी जावं तर बस नाही, थांबावं तर बसायला बाकडं नाही. माणसं पार्सलच्या पोत्यांवर आडवी व्हायची. अंधारात घर सोडायचं, दिवे लागल्यावर परतायचं, आणि पगाराच्या चिठ्ठीवर अर्धाच दिवस.

तू लहान होतीस तेव्हा सुट्टीत एकदा हट्टाने माझ्याबरोबर बीटवर, पत्रं वाटायला आली होतीस. तेव्हा माझे पाय चांगले होते, मी हॉलमध्ये बसत नव्हतो. त्या लाल इमारतीच्या मधल्या मजल्यावर तू फतकल मारून बसलीस आणि म्हणालीस, 'बाबा, लोक इतके वर का राहतात?' मी तुला पिशवीसकट कडेवर घेऊन उरलेला जिना चढलो. नव्या वेळांचं कोष्टक पाहिलं तेव्हा मला तो जिना आठवला. 'हे ज्याने केलं त्याने जन्मात जिना चढलेला नाही,' असं मी सभेत म्हणालो. टाळ्या पडल्या. घरी येताना मात्र मनात आलं, की त्याने नव्हे, कदाचित तिने केलं असेल. आणि ती चढलेली आहे.

त्या टाळ्यांमुळेच मला कामगारांच्या समितीत घेतलं. समितीच्या प्रमुख पार्सल खिडकीवरच्या वहिनी. सगळ्या हॉलच्या त्या वहिनीच, साहेबसुद्धा चुकून तेच म्हणतो. बाई बोलायला मऊ, पण तारखेची आणि शब्दाची पक्की. समितीत माझा जुना जोडीदारही होता, आपला रेडिओ. तू त्याला काका म्हणायचीस. ज्याला एक बातमी सांगितली की ती हॉलच्या चारी कोपऱ्यांत ऐकू येते म्हणून त्याचं नाव रेडिओ पडलं, तोच. वहिनींनी पहिल्याच बैठकीत बजावलं होतं, 'इथलं बोलणं इथंच राहील. घरीसुद्धा नाही.' सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

पहिला बेत असा होता, की एका सकाळी सगळ्यांनी नियमावर बोट ठेवून काम करायचं. प्रत्येक पिशवी वजन करून घ्यायची, प्रत्येक शिक्का तपासायचा, जास्तीचं काही करायचं नाही. ढीग साचला की साहेबांना तास म्हणजे काय ते कळेल. समिती सोडून कुणाला पत्ता नव्हता. त्या सकाळी आम्ही गेटवर पोचलो तर कंत्राटाची माणसं आधीच ओळीने उभी, गळ्यात नवे कोरे बिल्ले. साहेब दारात हात बांधून हसत होता. आम्ही म्हटलं योगायोग असेल. दुसरा बेत शेजारच्या टपाल केंद्रातल्या कामगार बायकांना जाऊन भेटायचा होता. आदल्या दिवशीच त्या सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या आणि त्यांच्या गेटवर बाहेरच्यांना बंदीची पाटी लागली. आता मात्र योगायोग म्हणायची कुणाची जीभ रेटेना.

ठकू, संशय हॉलमध्ये कसा शिरतो ते मी पाहिलं. आधी माणसं हळू बोलायला लागतात. मग बोलताना मागे बघतात. मग चहाचे घोळके लहान होतात. कोण कुणाबरोबर मुतारीत गेला यावर चर्चा होते. वर्षानुवर्षं एकमेकांचे डबे खाल्लेली माणसं डबा उघडताना झाकण आडवं धरायला लागली, जणू भाजीतही काही लपलं होतं. आणि मग सगळ्यांची बोटं एका दिशेला वळली. रेडिओचं तोंड फाटकं, हे एक. त्याचा मेहुणा मोठ्या साहेबाची गाडी चालवतो, हे दुसरं. झालं, एवढं पुरे होतं. बैठकीत त्याला उभं केलं. तो आधी हसला, त्याला थट्टा वाटली. मग एकेकाचं तोंड बघत गेला आणि माझ्यापाशी येऊन थांबला. म्हणाला, 'अरे, मी बडबड्या आहे, चुगलखोर नाही. तू तरी सांग यांना.' मी खाली बघितलं. मला तेव्हा खरंच वाटत होतं की तोच असणार. त्याला समितीतून काढायला हात वर झाले त्यात माझाही होता. दुसऱ्या दिवसापासून त्याच्याशी कुणी बोलेना. तो खिडकीकडे तोंड करून पत्रं लावत बसायचा. हॉलमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

पण बातम्या फुटायच्या थांबल्या नाहीत. रेडिओ बाहेर, तरी आमचं बोलणं साहेबाच्या टेबलावर. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'दादा, म्हणजे तो नव्हता.' मग कोण, हा प्रश्न मी घरापर्यंत घेऊन आलो.

त्या संध्याकाळी तुझा फोन आला. तुला माहीत आहे, आपल्याकडे रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येते, आणि तुझ्या आईला वाटतं की तू लांब आहेस म्हणजे मोठ्याने बोललं पाहिजे. मी बाहेर खुर्चीत बूट सोडत होतो. आई ओरडून सांगत होती, 'हो गं, जेवतात वेळेवर. आज उशीर झाला, त्या पार्सलवाल्या वहिनींकडे बसले होते सगळे. नाही, उद्या लवकर निघणार आहेत. कुठे ते मला मेलीला काय माहीत, थांब, काहीतरी म्हणाले होते बघ...' माझा एक बूट पायात, एक हातात. मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा. मी वहिनींना मान हलवली होती खरी, पण पहाटे निघायचं तर डबा कधी लागेल ते बायकोला सांगावं लागतं, आणि डब्याबरोबर कुठे, कशाला हेही जातं. इतक्या वर्षांच्या संसारात ते वेगळं काढून ठेवायला मी शिकलो नाही. आणि मग दुसरी पाल. तू नोकरी लागून गेल्यापासून आठवड्याला एकदा, तोही घाईत, फोन करायचीस. रोजचा फोन कधी सुरू झाला? आईला विचारलं तर ती कौतुकाने म्हणाली, 'तुमचं ते भांडण सुरू झालं तेव्हापासून. काळजी वाटते हो पोरीला तुमची.'

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी शाळेत लिहून काढली होती. ती स्वतःवर येते तेव्हा कशी लागते ते तेव्हा कळलं.

तरी मन मानेना. मला वाड्यातल्या त्या फुटलेल्या काचेची आठवण झाली. शेजारच्या पोराने फोडली, तू पाहिलं होतंस, आणि तू सांगत नाहीस म्हणून तुझ्या आईने तुला बदडलं. तू रडलीस, पण नाव घेतलं नाहीस. मी कामावरून आलो तेव्हा गाल सुजलेले होते आणि ओठ घट्ट मिटलेले. ही मुलगी चुगली करणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं. ज्या गोष्टीची खात्री असते ती स्वतःला इतक्यांदा सांगावी लागत नाही, हेही मला कळत होतं.

म्हणून मी सापळा लावला. शब्द वाईट आहे, पण दुसरा सापडत नाही. आई चादरी घडी करत होती तेव्हा मी जांभई देत म्हणालो, की गुरुवारी पहाटे आम्ही सगळे नदीकाठच्या पार्सल गोदामाच्या गेटवर बसणार आहोत, एकही गाडी बाहेर सोडणार नाही, डबा जरा लवकर लागेल. असा कसलाही बेत नव्हता. वहिनींना ठाऊक नव्हतं, समितीत कुणाला नव्हतं. हे वाक्य जगात फक्त मी आणि तुझी आई, दोघांपाशी होतं. संध्याकाळी खिडकीत फोन वाजला आणि मी उठून न्हाणीघरात गेलो, नळ मोठा सोडला. मला ऐकायचं नव्हतं.

गुरुवारी पहाटे आईने डबा हातात दिला. मी नदीकाठी गेलो. गोदामासमोर रस्त्यापलीकडे ते बंद पडलेलं पंक्चरचं दुकान आहे, त्याच्या पत्र्याखाली उभा राहिलो. गेटवर कुणी नसेल, असं मनात घोकत होतो. गेट रिकामं दिसलं असतं तर मी तिथूनच रेडिओच्या घरी गेलो असतो आणि त्याचा संशय पुन्हा घेतला असता, आनंदाने घेतला असता, बघ माणूस कसा असतो! पण गेटला दोन कुलुपं होती. आत पहारेकरी उभे होते, बाहेर पोलिसांची गाडी. आणि गाडीच्या पुढे, करड्या कोटात, हातात छत्री घेऊन तू होतीस. पहारेकऱ्यांना कुठे उभं राहायचं ते दाखवत होतीस. तू मला पाहिलं नाहीस.

उजाडलं. कुणी आलं नाही. पोलिसांनी जांभया दिल्या. आमचा साहेबही आला होता, तो तुझ्याशी काही बोलला, रागावलेला दिसला. तू बाजूला गेलीस, भिंतीकडे तोंड केलंस आणि फोन कानाला लावलास. मग मी निघालो.

घरी आलो तर आई दारातच. म्हणाली, 'अहो, ठकूचा फोन आला होता सकाळी सकाळी. घाबरलेली होती. विचारत होती, बाबा बरे आहेत ना, गेले नाहीत का, छातीत वगैरे दुखलं का. मी म्हटलं गेलेत गं वेळेवर. तर रडवेली झाली, म्हणाली, मग पोचले का नाहीत?' हे सांगून आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. भोळी आहे, पण बावळट नाही. मी म्हणालो, बेत बदलला आमचा. ती म्हणाली, 'मग पोरीला कळवायचं नाही का?'

ठकू, तेव्हापासून मी तो एक प्रश्न उलटासुलटा करून बघतो आहे, पाकीट बघावं तसा. बाबा पोचले का नाहीत? बाप रस्त्यात कुठे पडला की काय, या भीतीने मुलीने विचारलं? की माणसं का आली नाहीत, हे साहेबाला सांगायचं होतं म्हणून कचेरीने विचारलं? तू रडवेली झाली होतीस म्हणे. साहेब रागावला तरी माणूस रडवेला होतो. मला बोटाने पाकिटं कळतात असं वर लिहिलं खरं. हे एक कळत नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्याच दुपारी मी वहिनींना सांगितलं, की रेडिओला समितीसमोर बोलवा. त्याच्यासमोर म्हणालो, 'बातमी माझ्या घरातून फुटत होती.' कोणाच्या तोंडातून कोणाच्या कानात ते सांगितलं नाही, पण तू कुठे कामाला आहेस ते सगळ्यांना माहीत आहे. तुला नोकरी लागली तेव्हा मीच अख्ख्या हॉलला चहा पाजला होता. मला वाटलं रेडिओ शिव्या देईल, किंवा मिठी तरी मारेल. त्याने दोन्ही केलं नाही. तो एवढंच म्हणाला, 'माझ्या बायकोशी नळावर कुणी बोलत नव्हतं. तिला येऊन सांग.' मी गेलो. तिने मला पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मी समिती सोडली. वहिनी थांबा म्हणाल्या नाहीत.

त्यानंतर मला कुणी काही सांगत नव्हतं. मी आत आलो की बोलणं थांबायचं, रेडिओच्या वेळी थांबायचं तसंच. म्हणून ज्या दिवशी भर सकाळी अचानक सगळा हॉल थांबला, पत्रं खान्यांपुढे हातातच राहिली, पोस्टमन पिशव्या गेटवर ठेवून त्यांच्यावर बसले, तेव्हा मला त्याची गंधवार्ताही नव्हती. तुझ्या कचेरीलाही नव्हती, आमच्या साहेबालाही नव्हती. तो गॅलरीत आला तेव्हाचा त्याचा चेहरा बघायला मी पैसे दिले असते. मी पत्रांचा गठ्ठा खाली ठेवला आणि सगळ्यांच्या कडेला जाऊन बसलो. कुणी सरकून जागा दिली नाही, कुणी ऊठही म्हणालं नाही. किती दिवसांनी मला हलकं वाटलं म्हणून सांगू. मला काही माहीत नव्हतं, म्हणजे माझ्या घरातून काही फुटणार नव्हतं.

शेवटी काय झालं ते तू टेबलाच्या पलीकडून पाहिलंसच. गेटवरचं घड्याळ परत आलं, पगार त्याच्यावर. यंत्र राहिलं, पण पत्रांपुरतं. तुटलेली पाळी पूर्ण गेली नाही. मधल्या तासांचे निम्मे पैसे आणि बसायला एक खोली मिळाली. वहिनी म्हणतात, अर्धी जिंकलो. रेडिओ पुन्हा बोलायला लागला आहे. माझ्याशी नाही, पण मला ऐकू येईल असा बोलतो. त्याच्या बाजूने तेवढंही पुष्कळ आहे.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. करारावर सह्या झाल्या त्या दिवसापासून तुझा फोन आलेला नाही. एकदाही नाही. आई रोज संध्याकाळी खिडकीत फोन ठेवते आणि कांदा चिरायचा आव आणून तिथेच उभी राहते. दोनदा शिंपीणबाईंकडून स्वतःला फोन लावून घेतला, वाजतो का ते बघायला. वाजतो. मग म्हणाली, कामात असेल पोर. मी तिला काही सांगितलेलं नाही. तिच्या बोलण्याचं काय होत होतं, हे तिला कधी कळू नये, एवढंच मला तुझ्याकडून हवं आहे. कळलं तर ती पुन्हा मोठ्याने बोलणार नाही, तुझ्याशी नाही, माझ्याशीही नाही. मला संशय आहे की फोन भांडणाबरोबर आले आणि भांडणाबरोबर गेले. तो खरा असेल तरी मला लिहू नकोस, आणि खोटा असेल तरी कागदावर शपथा घेऊ नकोस, मी आता कागदावर विश्वास ठेवत नाही. तिला फोन कर. पूर्वीसारखा आठवड्याने कर, रोज केलास तर मी पुन्हा कान टवकारीन. गुडघे विचार, छतावरच्या मशीनचं विचार. बोलता बोलता ती माझं काही सांगेलच, तिला राहवणार नाही. ते ऐकून घे, आणि या वेळी स्वतःपाशी ठेव.

तुझाच,
बाबा